एका दिवसाचे बाली आणि त्यामागचे गाव

नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स आणि ट्रॉय या डेट्रॉइटच्या उपनगरांतील मराठी कुटुंबांच्या सुट्यांच्या बेतात बाली हे नाव आता सरावाचे झाले आहे. भारतवारीला जोडून चार-पाच दिवस काढायचे, सिंगापूरमार्गे देनपसारला उतरायचे आणि त्यातला एक दिवस ‘गावे आणि मंदिरे’ यांसाठी राखून ठेवायचा, हा त्या बेताचा ठरलेला साचा. त्या दिवसाचा क्रमही जवळपास ठरलेलाच असतो. सकाळी बातुबुलानला बारोंग नृत्य, मग चेलुकची चांदीची नक्षी, बातुआनची चित्रे, मासचे लाकडी कोरीवकाम, दुपारी तेगालालांगची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि उन्हे कलताना तीर्थ एम्पुलचे कुंड. ही सारी ठिकाणे देनपसारहून उबुदमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या एकाच पट्ट्यात, गियान्यार जिल्ह्यात येतात. त्यामुळे आठ-नऊ तासांत ती खरोखरच ‘होतात’.

या दिवसात डोळ्यांना जे दिसते ते सुंदर आहे आणि बव्हंशी अस्सलही आहे. मात्र जे दिसत नाही त्यावरूनच आज बालीत वाद पेटला आहे. कोरीवकाम करणारा हात, कुंडातले पाणी आणि खाचरांतले भात ही तिन्ही ज्या ग्रामसंस्थांच्या आधारावर उभी आहेत, त्या संस्थांचा खर्च कोणी सोसायचा? पर्यटनाने बालीला पैसा दिला, यात शंका नाही. तो पैसा आधाराला पोहोचतो की केवळ दर्शनी भागाला, हा खरा प्रश्न आहे.

बेट केवढे, पाहुणे किती

बालीचे क्षेत्रफळ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. मात्र सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेआठ लाखांच्या आसपास, तर बालीची चव्वेचाळीस लाखांच्या घरात. या भूमीवर २०२४ मध्ये त्रेसष्ट लाखांहून अधिक परदेशी पर्यटक उतरले आणि महामारीपूर्वीच्या २०१९ चा आकडा मागे पडला. इंडोनेशियाच्या इतर बेटांवरून येणारे देशी पर्यटक यात धरलेले नाहीत. परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियाखालोखाल दुसरा क्रमांक भारताचा होता. अमेरिकी पारपत्रावर येणारे भारतीय वंशाचे लोक अर्थातच वेगळ्या रकान्यात मोजले जातात.

या अवलंबित्वाची किंमत बालीने एकदा मोजली आहे. २०२० मध्ये विमाने थांबली आणि त्या एका वर्षात बेटाची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून अधिक आकसली. हॉटेलांतली माणसे गावी परतली आणि अनेकांनी पुन्हा शेतीला हात घातला. म्हणजेच संकटकाळी ज्या शेताने आणि ज्या गावाने माणसांना सामावून घेतले, तेच शेत आणि तेच गाव पर्यटनाच्या तेजीत आक्रसत चालले आहे. हॉटेले, व्हिला आणि रस्ते यांच्याखाली दरवर्षी शेकडो हेक्टर भातजमीन जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये जाकार्तातील केंद्र सरकारने देनपसार, बादुंग, गियान्यार आणि ताबानान या दक्षिणेकडील भागांत नव्या हॉटेलांच्या बांधकामाला स्थगिती देण्याचा विचार जाहीर केला. त्यानंतर वर्षभरातच, १० सप्टेंबर २०२५ रोजी, देनपसार आणि परिसरात पूर आला. त्यात किमान सतरा जणांचा बळी गेला. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होतेच. पण कचऱ्याने तुंबलेल्या नद्या आणि पाणी मुरवणाऱ्या जमिनीवर चढलेले काँक्रीट यांची चर्चा पुरापाठोपाठ सुरू झाली. नवी हॉटेले आणि उपाहारगृहे यांच्यासाठी भातजमीन देऊ नये, अशी भूमिका गव्हर्नर वायान कोस्तर यांनी त्यानंतर जाहीरपणे घेतली.

छिन्नी चालते कोणासाठी

चेलुक, मास, बातुबुलान ही नावे प्रवासी पुस्तिकांत ‘कारागिरांची गावे’ म्हणून येतात. या विशेषणामुळे ही गावे पर्यटकांसाठीच कोरीवकाम करतात असा समज होतो. मूळ गिऱ्हाईक मात्र वेगळे आहे आणि ते म्हणजे मंदिर. बालीतील मंदिरे प्रामुख्याने ‘पारास’ नावाच्या मऊ ज्वालामुखीय दगडात कोरली जातात. हा दगड छिन्नीखाली सहज वळतो. पण दमट हवेत आणि पावसात तितक्याच सहजपणे झिजतो. त्यामुळे काही दशकांत नक्षी पुसट होते आणि पुन्हा कोरावी लागते. सह्याद्रीच्या बेसाल्टातील लेणी पाहिलेल्या मराठी माणसाला हा दगड तकलादू वाटेल. बालीची शिल्पपरंपरा अखंड राहिली ती मात्र या तकलादूपणामुळेच. प्रत्येक पिढीला मंदिर नव्याने घडवावे लागते, म्हणून प्रत्येक पिढीत शिल्पी तयार होतो. १९१७ च्या भूकंपात अनेक मंदिरे कोसळली, तेव्हा ती पुन्हा उभारायला हे हात गावोगाव होते.

याला जोड मिळते ती २१० दिवसांच्या पंचांगाची. या चक्रानुसार बहुतेक मंदिरांचा वर्धापनोत्सव, म्हणजे ‘ओदालान’, येतो. त्यासाठी नैवेद्याच्या उतरंडी रचणे, छत्र्या-पताका करणे, मुखवटे रंगवणे, गामेलान वाजवणे, नाचणे ही सारी कामे गावकरी विनामोबदला करतात. या सेवेला ‘ङायाह’ म्हणतात. तिचे नियोजन ‘बंजार’ ही वस्तीची सभा करते. सेवा चुकवणाऱ्याला ही सभा जाब विचारू शकते. अशा सुमारे दीड हजार परंपरागत गावांना, म्हणजे ‘देसा आदात’ना, प्रांताच्या २०१९ च्या अधिनियमाने औपचारिक बळ दिले आहे.

पर्यटनाने ही कला भ्रष्ट केली, असा सरसकट निष्कर्ष मात्र इतिहासाला धरून होणार नाही. ज्याला आज ‘पारंपरिक बालीनीज चित्रकला’ म्हणून विकले जाते तिचा मोठा भाग १९३० च्या दशकात घडला. उबुदच्या सुकावती राजघराण्याने वाल्टर श्पीस आणि रुडॉल्फ बोनेट या युरोपीय चित्रकारांना आणि गुस्ती न्योमान लेम्पाद यांच्यासारख्या स्थानिक कलावंतांना बरोबर घेऊन १९३६ मध्ये ‘पिता महा’ हा कलासंघ स्थापन केला. परदेशी गिऱ्हाइकांसमोर निकृष्ट माल जाऊ नये, कामाचा कस टिकावा, हा त्याचा एक उद्देश होता. मास गावचे इदा बागुस न्याना आणि त्यांचे पुत्र तिलेम यांनी लाकडातील शिल्पाला जे आधुनिक वळण दिले तेही याच देवाणघेवाणीतून. बाजार होताच, पण दर्जा ठरवणारे त्या बाजाराहून निराळे होते. ते देवळात आणि कलासंघात बसत होते.

आजच्या एका दिवसाच्या सहलीत ही चाळणी उरत नाही. गाडी हमरस्त्यावरच्या मोठ्या शोरूमसमोर थांबते. दाराशी दोन-तीन कारागीर प्रात्यक्षिकापुरते बसलेले असतात आणि आत शेकडो तयार वस्तू मांडलेल्या असतात. चालकाचे कमिशन किमतीत मिळवलेले असते. आग्रा किंवा जयपूर पाहिलेल्यांना हे नवे नाही. तिथल्या वस्तूंपैकी कोणती त्या गावात घडली, कोणती दूरच्या कारखान्यातून आली, हे विचारण्याइतका वेळच कार्यक्रमात ठेवलेला नसतो.

नक्षी कोणाची, हा त्यापुढचा प्रश्न. २००८ च्या सुमारास बालीतील एका चांदी कारागिरावर फौजदारी खटला चालला. परदेशी गुंतवणुकीतून उभ्या राहिलेल्या एका दागिने कंपनीने स्वामित्वहक्काखाली नोंदवलेल्या नक्षीची त्याने नक्कल केली, असा आरोप होता. ती नक्षी बालीच्या घराघरांत पूर्वापार आहे, असा बचाव झाला आणि न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. निकाल दिलासा देणारा होता, तरीही आपल्याच आजोबांची वेल कोरण्यासाठी कारागिराला कोर्टाची पायरी चढावी लागली. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाच्या प्रतिरूपांच्या पायांत कोल्हापुरी वळणाच्या चपला दिसल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला, तोही प्रश्न याच जातीचा होता. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याने नाव राखले जाते, रचना राखली जाईलच असे नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

कुंडातले पाणी पुढे कुठे जाते

तांपाकसिरिंग येथील तीर्थ एम्पुल हे दिवसाच्या अखेरचे ठिकाण. इसवी सन ९६२ च्या सुमारास या झऱ्याभोवती मंदिर उभे राहिले. रांगेने उभे राहून एकेका धारेखाली मस्तक धरायचे, हा विधी आता जगभरच्या छायाचित्रांतून परिचित झाला आहे. परंतु कुंडातून बाहेर पडणारे पाणी गटारात जात नाही. ते पाकेरिसान नदीच्या खोऱ्यातील भातखाचरांना जाते. जवळच गुनुंग कावी येथे अकराव्या शतकातील कातळात कोरलेल्या देवळांच्या दर्शनी भिंती उभ्या आहेत आणि त्याही याच खोऱ्यात. देव, राजस्मारक आणि पाट ही येथे एकाच व्यवस्थेची अंगे आहेत.

त्या व्यवस्थेचे नाव ‘सुबाक’. एका उगमाचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची ही संघटना सुमारे हजार वर्षे जुनी आहे. कोणी कधी पेरायचे, कोणाचे शेत कधी पडीक ठेवायचे, हे जलमंदिरांतील उत्सवांच्या क्रमाने ठरते. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या भरात सरकारने हा क्रम मोडीत काढला. प्रत्येकाने शक्य तितक्या वेळा संकरित भात घ्यावे, असे फर्मान निघाले. सगळीकडे सतत पीक उभे राहिल्याने किडींना विसावा उरला नाही, पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि उत्पादन कोसळले. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्यासह संगणकीय प्रारूप मांडून दाखवले, की पाण्याची वाटणी आणि कीडनियंत्रण यांचा सर्वांत चांगला मेळ जलमंदिरांच्या जुन्या वेळापत्रकातच बसतो. त्यानंतर अधिकृत धोरण बदलले आणि २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकच्या भूदृश्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाकेरिसानचे खोरे त्या वारशात समाविष्ट आहे.

हरितक्रांतीतून वाचलेली ही व्यवस्था दर्जा मिळाल्यावर मात्र नव्या पेचात सापडली. वारसा म्हणून पर्यटक येतात, पर्यटकांसाठी उपाहारगृहे उभी राहतात, उपाहारगृहांसाठी खाचरे बुजवली जातात. डिसेंबर २०२५ मध्ये याच वारसास्थळाचा भाग असलेल्या जातिलुविहमध्ये हा पेच उघड्यावर आला. संरक्षित भातजमिनीवर बांधलेल्या आस्थापनांना प्रांतिक विधिमंडळाच्या समितीने टाळे ठोकले. त्यावर चिडलेल्या शेतकऱ्यांनी आपल्याच खाचरांत पत्रे उभे केले, म्हणजे छायाचित्रे बिघडावीत. बाहेरून पाहणाऱ्याला हे अनाकलनीय वाटेल, पण त्यांचे गणित सरळ होते. देखावा आमच्या श्रमाचा, प्रवेशशुल्क आणि जेवणावळींचा पैसा इतरांचा, आणि आम्ही बांधावर लहानशी टपरी घातली की नियम आमच्यावरच. संरक्षणाची गरज कोणी नाकारत नव्हते. संरक्षणाचा भार एकट्या शेतकऱ्याने वाहावा, हे त्यांना मान्य नव्हते.

दीड लाख रुपियांचा हिशेब

या पार्श्वभूमीवर १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या पर्यटक-शुल्काकडे पाहायला हवे. प्रत्येक परदेशी पाहुण्याने दीड लाख रुपिया, म्हणजे सुमारे नऊ डॉलर, एकदाच भरायचे. जाकार्ताच्या केंद्र सरकारने २०२३ मध्ये बाली प्रांतासाठी केलेल्या स्वतंत्र कायद्याने ही मुभा दिली. शुल्काचा घोषित हेतू संस्कृती आणि पर्यावरण यांचे रक्षण हा आहे.

हे शुल्क वेगळे का, ते इतर वाटा पाहिल्यावर कळते. विमानतळावरील पाच लाख रुपियांचे व्हिसाशुल्क केंद्राच्या तिजोरीत जाते. हॉटेल आणि उपाहारगृहांवरील कर जिल्ह्यांकडे जातो, आणि हॉटेले ज्या किनाऱ्यावर दाटली आहेत तो बादुंग जिल्हा त्यामुळे सधन झाला आहे. ज्या डोंगराळ भागात पाणी उगम पावते, भात पिकते आणि देवळे घडतात, तिकडे थेट येणारा ओघ क्षीण आहे. म्हणजे पाहुणा झोपतो तिथे पैसा साठतो. पाहुणा जे पाहायला येतो तिथे तो पाझरतच येतो. ही तफावत भरून काढण्याचे साधन म्हणून नऊ डॉलरांचे महत्त्व आहे.

प्रत्यक्षात २०२४ मध्ये सुमारे ३१८ अब्ज रुपिया गोळा झाले. दीड लाखाने भागले, तर भरणारे एकवीस लाखांच्या आसपास निघतात. म्हणजे येणाऱ्या तिघांपैकी एकानेच शुल्क भरले. विमानतळावर सक्तीची तपासणी नाही, मंदिरांशी अधूनमधून पडताळणी होते आणि अनेकांना या शुल्काची वार्ताही नसते. वसुली वाढवण्यासाठी हॉटेले आणि प्रवासी कंपन्यांना सामील करून घेणारी दुरुस्ती प्रांताने २०२५ मध्ये केली. वसुलीइतकाच खर्चाच्या पारदर्शकतेचाही प्रश्न आहे. गोळा झालेल्या रकमेतील किती वाटा सुबाकच्या पाटांच्या दुरुस्तीला आणि किती गावसंस्थांना गेला, हे पाहुण्याला सहज दिसेल अशा रीतीने मांडले गेले, तर उरलेल्या दोघांना भरण्यास प्रवृत्त करणे सोपे होईल.

‘आपलीच संस्कृती’ म्हणताना

भारतीय पाहुण्याचे बालीशी नाते इतरांहून वेगळे असते. रस्त्यात अर्जुन आणि घटोत्कच भेटतात, देवळात गायत्री कानी पडते, आणि वर्षारंभही आपल्याच शकाचा असतो. बालीचा ‘न्येपी’ हा मौनाचा दिवस आणि आपला गुढीपाडवा २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच येतात आणि दोन्हींकडे शके १९४८ सुरू होते. एकीकडे गुढ्या उभारल्या जातात, तर दुसरीकडे विमानतळासह सारे बेट चोवीस तास दिवे आणि आवाज बंद ठेवते.

या जवळिकीतून एक धोका संभवतो. ‘हे आपलेच’ असे वाटले, की पाहुणेपणाची मर्यादा सैल होते. गाभाऱ्यात शिरणे, विधी चालू असताना मध्ये उभे राहून छायाचित्रे काढणे, कुंडातील विधीची हौसेखातर पुनरावृत्ती करणे, हे प्रकार सर्वच देशांचे पर्यटक करतात. मार्च २०२५ मध्ये गव्हर्नरांनी काढलेल्या परिपत्रकाने, पारंपरिक वेशात पूजेसाठी येणारे वगळता इतरांना मंदिराच्या पवित्र भागात जाण्यास मनाई केली. बालीचा हिंदू धर्म हा भारतीय धर्माची दूरची शाखा आहे, असे मानणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. जावा, पूर्वजपूजा, बौद्ध तंत्र आणि भाताची शेती यांतून तो स्वतंत्रपणे घडला आहे आणि त्याचा कणा ग्रंथ नसून गाव आहे.

नोव्हायच्या वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. टॅफ्ट रोडवरच्या वेंकटेश्वर मंदिरासारखी अमेरिकेतील मंदिरे वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या शनिवार-रविवारवर चालतात, हे तो जवळून जाणतो. अशा अनेक मंदिरांची शिल्पे भारतातून आलेल्या शिल्पींनी घडवली, आणि मंदिरांची मागणी होती म्हणूनच ती विद्या टिकली. देऊळ, सेवा आणि कारागिरी यांचे हे त्रिकूट बालीत अधिक दाट आहे, एवढाच फरक.

कोकणाने आधीच पाहावे असे

बालीचा हा अनुभव महाराष्ट्रासाठी परका नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपी आणि मोपा येथे विमानतळ झाले. सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी खेळणी, कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, ज्यांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ही आपली ‘कारागिरांची गावे’. आणि बालीच्या देसा आदातशी नाते सांगणारी गावऱ्हाटीही अजून तिथे आहे. गावऱ्हाटीत मानकरी आहेत, जत्रेची वाटून दिलेली कामे आहेत आणि देवळाच्या निमित्ताने परतणारे मुंबईकर चाकरमानीही आहेत. गावऱ्हाटीतील जातींची उतरंड आणि मानापमान यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. बंजारही दोषमुक्त नाही. पण जत्रेला गाव उभे राहते ते कोणत्या तरी सामूहिक जबाबदारीच्या बळावर, आणि ती जबाबदारी कोणतेही पर्यटन महामंडळ निर्माण करू शकत नाही.

बालीने शुल्क लावले ते साठ लाख पाहुणे येऊ लागल्यावर आणि खाचरे बुजल्यावर. कोकणात हा निर्णय आधी घेता येतो. कोणत्या जमिनीवर बांधकाम होणार नाही, पर्यटनाच्या उत्पन्नातील कोणता हिस्सा थेट गावाला आणि कारागिराला मिळेल, आणि त्याचा हिशेब कोण जाहीर करील, हे प्रश्न विमानतळ सुरू होतानाच सोडवायचे असतात. परदेशस्थ मराठी माणूस कोकणात जमिनी घेतो, घरे बांधतो, गावच्या देवळाला देणगी देतो. त्यामुळे तो या प्रश्नांत केवळ प्रेक्षक नाही.

पुढच्या सुट्टीत बालीला जाणाऱ्यांसाठी यातून निघणारे काम फार मोठे नाही. निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर दीड लाख रुपिया भरावेत. एका दिवसात सहा गावांऐवजी दोन गावे ठेवावीत आणि चालकाला शोरूमऐवजी एखाद्या घरच्या कार्यशाळेकडे न्यायला सांगावे. वस्तू घेताना ती कोणी घडवली, हे नावानिशी विचारावे. खाचरांच्या बांधावर प्रवेशाचे पैसे मागितले गेले, तर त्यांतले शेतकऱ्याला किती मिळतात, हेही विचारावे. असे विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर हमरस्त्यावरच्या दुकानदाराला आणि देनपसारच्या सचिवालयालाही कधी ना कधी उत्तर तयार ठेवावे लागेल.